दहा चेहरे

कानशिलावर बारीकशी थरथर झाली तेव्हा प्रणिता खोब्रागडे बाजारात वांगी निवडत होती. भाजीवाली काहीतरी सांगत होती आणि प्रणिताने नुकतीच मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं. थरथर होताच तिची नजर झटकन खाली आली आणि भाजीवालीच्या मनगटावर स्थिरावली. मग तिच्या लक्षात आलं, की चष्मा तर घरी कपाटात आहे. डबीत बंद, चार्जिंग संपलेला.

"काय झालं बाई? वांगी किडकी नाहीत जी," भाजीवाली म्हणाली.

"नाही, नाही. अर्धा किलो द्या."

जवळ नसलेला चष्मा कानशिलावर थरथरतो, हे सांगायचं कोणाला? डॉक्टरला सांगितलं तर तो ते लिहून ठेवणार, आणि लिहिलेलं कधीतरी लीगच्या कार्यालयात पोचणार. प्रणिता शेहेचाळीस वर्षांची होती. बास्केटबॉलच्या राष्ट्रीय पंचांच्या यादीत घेण्याची वयोमर्यादाही शेहेचाळीसच. नागपूरच्या मैदानांवर बावीस वर्षं शिट्टी फुंकून झाल्यावर हे शेवटचं वर्ष तिच्या हाती उरलं होतं, आणि त्या वर्षातला एकच सामना. शनिवारचा उपांत्य सामना.

चष्म्याचं कागदोपत्री नाव 'नेत्रलेख'. पंच मंडळी त्याला 'सासूबाई' म्हणायची, कारण नजर जरा इकडची तिकडे झाली की टोमणा ठरलेला.

माणसाचा डोळा मोठा फसवा असतो. आपल्याला वाटतं, समोरचं सगळं लख्ख दिसतंय. प्रत्यक्षात हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढा, फार तर दोन नखांएवढा तुकडा तेवढा स्पष्ट दिसतो. बाकीचं सगळं अंधुक, आणि मेंदू ते अंदाजपंचे भरून काढतो. म्हणजे पंच मैदानाकडे बघतो तेव्हा तो नखाएवढा एक कवडसा मैदानावर फिरवत असतो. तो कवडसा कुठे पाडायचा, यातच पंचाचं सगळं कसब. नेत्रलेखच्या काडीतून निघणारे अदृश्य किरण बुबुळावरून परत येत आणि सेकंदाला अडीचशे वेळा सांगत, की डोळा कुठे रोखला आहे. छतावरचे कॅमेरे दहाही खेळाडूंचा सांधा न् सांधा टिपत. दोन्हींची सांगड घातली, की कोणता पंच कोणाच्या कोपराकडे किती क्षण बघत होता हे कळे.

बास्केटबॉलमध्ये पंच तीन आणि मैदानाचे वाटेही तीन. चेंडू ज्याच्या वाट्यात आला त्याने चेंडूपाशी बघायचं. उरलेल्या दोघांनी चेंडू विसरून जायचा आणि जिथे चेंडू नाही तिथली ढकलाढकली बघायची. सांगायला सोपं आहे. पण चेंडू हलला की डोळा आपोआप त्याच्यामागे धावतो, आणि ही खोड मोडायला पूर्वी पाच-सात वर्षं जात. नेत्रलेखने ती एका हंगामात मोडली. नजर वाट्याबाहेर गेली की कानशिलावर थरथर, आणि सामना संपल्यावर शंभरपैकी गुण. त्याला 'लक्षांक' म्हणत. राष्ट्रीय यादीसाठी हंगामाची सरासरी पंच्याऐंशी हवी होती.

दोन महिन्यांपूर्वी प्रणिताची होती त्र्याऐंशी.

*

लीगच्या कार्यालयात सौमित्र पिंपळापुरे नावाचा एक अठ्ठावीस वर्षांचा मुलगा पंचांचे लक्षांक तपासत असे. स्वभावाने गोड, घरून डब्यात आणलेली संत्र्याची बर्फी सगळ्यांना वाटणारा. त्याने प्रणितासमोर पडदा उघडला. मैदानाच्या नकाशावर तिची नजर जिथे जिथे पडली होती तिथे हिरवे ठिपके होते. मधूनमधून मात्र पिवळ्या ठिपक्यांचा सडा पडलेला.

"खेळ चालू असताना तुमची नजर एक नंबर आहे मॅडम. प्रॉब्लेम खेळ थांबल्यावर आहे. फ्री थ्रोच्या आधी तुम्ही काय करता जी?"

"मोजते."

"काय मोजता?"

"दहा."

सौमित्र हसला. मैदानावर दोन्ही संघांचे मिळून दहाच खेळाडू आहेत ना, अकरावा घुसलेला नाही ना, हे पंचाने खेळ सुरू करण्याआधी मोजून घ्यायचं असतं. जगभरचे पंच मोजतात. पण प्रणिताचं मोजणं वेगळं होतं. ते तिला अंबादास मुळमुले सरांनी शिकवलं होतं. सर रेल्वेच्या मैदानावर दोरीत ओवलेली शिट्टी गळ्यात अडकवून उभे राहत आणि म्हणत, "डोकी कोणीही मोजतं, पोरी. तू तोंडं मोज. एकेका तोंडावर थांब, मग पुढचा आकडा घे." कोण चिडलंय, कोण आता हात उगारणार, कोणाला चक्कर येतेय, हे तोंडावर आधी दिसतं, असं त्यांचं म्हणणं. सर जाऊन नऊ वर्षं झाली होती. प्रणिता अजूनही तसंच मोजायची. दहा चेहरे, अकरा सेकंद.

"खेळाडूंच्या बनियनमध्ये चिप आहे," सौमित्र समजावू लागला. "दहा आहेत की अकरा, ते मशीन मोजतं. आणि हजारो सामने पाहून ते शिकलंय, की फाउल होतो तो हाताने, कोपराने, कमरेने, पायाने. चेहऱ्याने कोणी फाउल करत नाही ना मॅडम! त्यामुळे चेहऱ्यावर गेलेली नजर वाया धरतात. हे बघा, मागच्या हंगामातलं. खेळ थांबवून तुम्ही एका मुलीला बाहेर पाठवलं होतं."

"तिला ताप होता. डोळे लाल झाले होते."

"असेल ना. पण नोंद काय झाली? 'अनावश्यक विलंब'." त्याने आवाज खाली आणला. "तेवढं मोजणं सोडा मॅडम. सरासरी आरामात पंच्याऐंशीच्या वर जाते. मी तुमच्या चष्म्यात एक सराव टाकून देतो. नजर चेहऱ्यावर गेली की थरथर. महिन्याभरात सवय जाईल."

प्रणिता त्या पिवळ्या ठिपक्यांकडे बघत राहिली. नाही म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण शेहेचाळीसावं वर्ष काही दोनदा येत नाही.

"टाका," ती म्हणाली.

आणि सवय गेली. महिनाही लागला नाही. लक्षांक सत्याऐंशी झाला, मग एकोणनव्वद.

*

वांग्याची भाजी फोडणीला टाकून प्रणिता वळली तर निहिरा ओट्याला टेकून उभी होती. सतरा वर्षांची लेक, बारावीला. नवरा चंद्रपूरला नोकरीला असल्यामुळे आठवडाभर घरात या दोघीच.

"तुझा डावा घोटा आत वळतोय," प्रणिता म्हणाली. "बूट बदलायला हवेत."

"आई, अजून काय दिसून राहिलं?"

"अजून काय? खांदे पाडून उभी आहेस. अंगठ्याला शाई लागली आहे."

"बस? एवढंच?"

त्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून प्रणिताने वर पाहायचा प्रयत्न केला. नजर हनुवटीपर्यंत गेली आणि घसरून पुन्हा खांद्यावर आली. ओल्या फरशीवरून पाय घसरतो तशी. तिने ओट्याची कड घट्ट धरली आणि डोळे जबरदस्तीने वर ओढले. कानशील थरथरलं. निहिराच्या नाकात एक बारीक पांढरा खडा चमकत होता.

"अगं! नाक कधी टोचलंस?"

"रविवारी," निहिरा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आज गुरुवार आहे. चार दिवस मी तुझ्यासमोर बसून जेवून राहिली, आई. मला वाटलं ओरडशील. मी रोज वाट पाहत होती तू ओरडायची."

'शनिवारी सामना झाला की सगळं नीट होईल,' असं काहीसं प्रणिता पुटपुटली. निहिराने डोळे पुसले आणि ताटं घ्यायला ती मागे वळली. ती वळल्यावर प्रणिताला सुटल्यासारखं वाटलं, आणि असं वाटल्याची तिला भयंकर भीती वाटली.

*

शनिवारी दुपारी चार वाजता सामना सुरू झाला. अमरावतीच्या मुली विरुद्ध सांगलीच्या. क्रीडासंकुल गच्च भरलेलं. या सामन्यात ऐंशीच्या आसपास जरी मिळाले तरी सरासरी टिकणार होती, पण घसरगुंडी झाली तर सगळंच हातचं जाणार होतं.

दुसऱ्या सत्रात चेंडू मैदानाच्या पलीकडे होता आणि सगळ्या संकुलाची मान तिकडे वळलेली होती. प्रणिताची नजर आपल्या वाट्यात होती. म्हणूनच तिला तो कोपर दिसला. सांगलीच्या खेळाडूने वळताना उगारलेला, अमरावतीच्या चौदा नंबरच्या कानामागे बसलेला. शिट्टी त्याच क्षणी वाजली. चौदा नंबर खाली बसली, उठली, अंगठा वर करून दाखवला. संघाच्या फिजिओने लांबूनच विचारलं, तिने मान डोलावली. प्रणिता मनातून सुखावली. पाच हजार माणसांपैकी तो कोपर एकटीने टिपला होता.

शेवटच्या सत्रात चार मिनिटं उरली असताना सांगलीला दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बास्केटमध्ये टाकायचे दोन चेंडू, मिळाले. खेळ थांबला. मैदानाबाहेरच्या खांबावर हिरवा दिवा लागला. दहा खेळाडू हजर, मशीनने मोजले होते. प्रणिताने नजर बास्केटखालच्या चौघींच्या हातांवर आणि कमरांवर ठेवली. तिथेच पुढची झटापट होणार होती. बाकीच्या मुली मागे, अंधुक, कडेला. आत कुठेतरी जुन्या सवयीने 'एक' म्हटलं, आणि तिने ते तिथेच दाबलं.

दुसरा फ्री थ्रो हुकला. झुंबड उडाली, चेंडू उसळून अमरावतीकडे आला, सगळ्या दुसऱ्या टोकाला धावल्या. चौदा नंबर धावली नाही. दोन पावलं टाकून ती गुडघ्यांवर बसली आणि तिला कोणाचाही धक्का लागलेला नसताना कुशीवर पडली. ती पुन्हा उठली नाही.

स्ट्रेचर आलं, लोक धावले, कोणीतरी रडत होतं. प्रणिता शिट्टी हातात धरून उभी राहिली. रुग्णवाहिका येईपर्यंत उरलेला सामना कसाबसा संपवला गेला. पंचांच्या खोलीत ती बूट न सोडता बाकावर बसली होती, तेवढ्यात सौमित्र धावत आला. त्याला बाहेरचं नीटसं कळलंच नव्हतं. तो दिवसभर पडद्यासमोरच बसलेला.

"एक्क्याण्णव!" तो म्हणाला. "मॅडम, एक्क्याण्णव! तुमचं झालं!"

बाहेर रुग्णवाहिकेचा भोंगा सुरू झाला आणि लांब लांब जात राहिला.

*

मुलीचं नाव गार्गी तायडे, वय एकोणीस. कानामागच्या माराने डोक्याच्या आत थोडं थोडं रक्त साचत गेलं होतं. शस्त्रक्रिया वेळेवर झाली. जीव वाचला, पण उजवा हात उचलेना आणि बोलताना शब्द अडकू लागले. डॉक्टरांनी सांगितलं, सुधारेल, वर्ष लागेल, दोनही लागतील. तासभर आधी आणली असती तर एवढं झालं नसतं, असंही त्यांनी सांगितलं.

तीन दिवसांत लीगचं पत्र आलं. चौकशीत पंचांची नजर संपूर्ण सामनाभर निर्दोष आढळली होती. सोबत निवेदनाचा कागद होता. 'माझे लक्ष नियमाप्रमाणे योग्य ठिकाणी होते.' खाली सही करून पाठवायचं, की राष्ट्रीय यादीतलं नाव पक्कं. शिवाय एक मानाचं काम तिच्याकडे आलं होतं. तिचा तो सामना नव्या पंचांना 'आदर्श नजर' म्हणून दाखवण्यात येणार होता. दाखवायला तिनेच यायचं.

सही करण्याआधी ती गार्गीला भेटायला गेली. निहिराला सोबत घेतलं, एकटीने जायचा धीर नव्हता.

गार्गीच्या डोक्यावर पट्टी होती. प्रणिता खुर्चीत बसली आणि तिची नजर सवयीने त्या मुलीच्या चादरीवरच्या उजव्या हातावर खिळली. मनगट, बोटं, सलाइनची नळी.

"मॅडम," गार्गी हळूहळू बोलली. "मी तुमच्याकडेच... पाहून राहिली होती."

"कधी, बेटा?"

"प्रत्येक फ्री थ्रोच्या वेळी... तिसऱ्या सत्रापासून. दोन-दोन बास्केट दिसत होत्या मला. कोचला सांगितलं असतं तर... पुढच्या मॅचला घेतलं नसतं. रेफ्रीने काढलं तर... कोणी काही म्हणत नाही ना." ती दम घ्यायला थांबली. "मागच्या वर्षी ताप होता तेव्हा... तुम्हीच काढलं होतं. मी काही बोलली नव्हती. तुम्ही नुसतं पाहिलं होतं. मला वाटलं, आताही पाहतील. पाहिलं की काढतील."

प्रणिताच्या पाठीमागे निहिराने हुंदका गिळला. प्रणिताने दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले आणि मान वर केली. कानशील थरथरलं, तिने थरथरू दिलं. एकोणीस वर्षांचं गोल तोंड, एका बाजूने किंचित ओढलेलं, डोळ्यांत राग अजिबात नाही. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. आणि मग तिला रडू आवरेना.

*

प्रशिक्षणाच्या सभागृहात चाळीस नवे पंच बसले होते. सगळे विशी-पंचविशीतले, चाळिसांच्याही डोळ्यांवर नेत्रलेख. तिच्याच चष्म्यातला तो चेहऱ्यांचा सराव एव्हाना सगळ्या चष्म्यांत टाकलेला होता. तिचा लक्षांक पाहून लीगला तो आवडला होता. मागे सौमित्र पडदा सांभाळायला उभा होता, आणि पहिल्या रांगेत लीगचे दोन अधिकारी. सही न केलेला कागद प्रणिताच्या पर्समध्ये होता. आज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

तिने सामन्याचं चित्रण सुरू केलं. कोपराचा तो क्षण आला तेव्हा टाळ्या पडल्या. मग शेवटचं सत्र, फ्री थ्रो. तिने चित्र थांबवलं आणि दुसऱ्या कॅमेऱ्यातून दिसणारं दृश्य पडदाभर मोठं केलं. मैदानाच्या मागच्या अंगाला चौदा नंबर उभी होती, पुरी, डोक्यापासून पायापर्यंत.

"काय दिसतं?" तिने विचारलं.

"पाय रेषेच्या बाहेर आहेत. नियमात," एकजण म्हणाला.

"हात खाली आहेत. धोका नाही."

"वजन डाव्या पायावर आहे मॅडम. धावायच्या तयारीत नाही."

"अजून?"

काहींनी पडद्याकडे पुन्हा निरखून पाहिलं. प्रणिताने मागे पाहिलं. "सौमित्र, यांची नजर पडद्यावर टाक. चाळिसांचीही."

सौमित्रने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्यापैकी एकाने कपाळाला आठ्या घालून नकारार्थी मान हलवली. रुग्णवाहिका निघाली त्या दिवसानंतर सौमित्रने कार्यालयात बर्फी आणली नव्हती. त्याने बटण दाबलं.

चाळीस लाल ठिपके पडद्यावर उमटले. चौदा नंबरच्या बुटांवर, गुडघ्यांवर, कमरेवर, कोपरांवर, बोटांवर, जणू मुलीला गळ्यापर्यंत गोवर उठला होता. गळ्याच्या वर एकही ठिपका नव्हता.

"ही मुलगी या वेळी अकरा सेकंद माझ्याकडे बघत होती," प्रणिता म्हणाली. "तिच्या डोक्यात रक्त साचत होतं आणि मी बघीन म्हणून ती वाट बघत होती. मी पूर्वी चेहरे मोजायची. गुणांसाठी ते मी सोडून दिलं. माझी नजर आदर्श नव्हती. त्या अकरा सेकंदांत मी पंचाचं काम केलं नाही, आणि मी तसं लिहून देणार आहे."

पहिल्या रांगेत खुर्ची करकरली. एक अधिकारी उठून उभा राहिला होता. "खोब्रागडे मॅडम, याचा अर्थ तुम्हाला कळतो ना?"

"कळतो," ती म्हणाली. बावीस वर्षं डोळ्यांसमोरून गेली, आणि ती पुन्हा त्या चाळीस जणांकडे वळली. "पुन्हा बघा. वर बघा."

सभागृह चिडीचूप झालं. पडद्यावरचे ठिपके अस्वस्थपणे हलू लागले. वर चढायचे, खांद्यापाशी थबकायचे, घसरून खाली यायचे. मग डावीकडचा एक ठिपका गळ्यापर्यंत गेला, थांबला, आणि एकदम वर जाऊन त्या मुलीच्या डोळ्यांवर टेकला. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीचा हात कानशिलाकडे गेला. त्या शांततेत तिच्या चष्म्याची बारीक घुरघुर सगळ्यांना ऐकू आली. मुलीने दात आवळले, पण नजर काढली नाही.

"एक," प्रणिता म्हणाली, आणि वाट बघत उभी राहिली.